नांवाचें मोल

वाङ्मयाच्या अभ्यासकानें न्यायालयांचीं निकालपत्रें वाचूं नयेत असा कांहीं दंडक नाहीं. पण तीं वाचण्याचा प्रघातही आमच्यांत नाहीं. तें काम वकिलांचें, असें म्हणून आपण मोकळे होतों. समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर अमेरिकेंतील न्यायालयांनीं गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत जीं निकालपत्रें लिहिलीं तीं मात्र, आमच्या मतें, भाषेचा विचार करणारानें अवश्य वाचावींत. दोन पुरुषांनीं अथवा दोन स्त्रियांनीं एकत्र संसार करावा कीं नाहीं, हा वाद त्यांत आहेच. परंतु जसजसें पुढें वाचीत जावें तसतसें दिसूं लागतें कीं खरी झटापट एका शब्दाभोंवतीं चालली आहे. संसार होता, घर होतें, कित्येक ठिकाणीं मुलेंही होतीं. नव्हतें तें नांव. आणि ज्यांस तें नांव द्यावयाचें नव्हतें त्यांपैकीं पुष्कळांची नांवाखेरीज बाकी सर्व कांहीं देण्याची तयारी होती. हा देकार स्वीकारण्याजोगा होता काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही घेतला आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस तो देकार अगदीं रास्त वाटेल, हें आम्ही जाणून आहों. म्हणूनच त्याचा विचार थोडा सावकाश करावयाचा.

मिनेसोटा राज्यांत मिनीॲपोलिस येथें १९७० च्या मे महिन्यांत जॅक बेकर व मायकेल मॅकॉनेल या दोन तरुणांनीं विवाहाच्या परवान्यासाठीं अर्ज केला व तो नाकारला गेला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें. विवाह स्त्री-पुरुषांचाच असला पाहिजे असें राज्याच्या कायद्यांत स्पष्ट शब्दांनीं कोठें म्हटलेलें नव्हतें. तेव्हां न्यायालयानें काय करावें? त्यानें कोश उघडला. वेब्स्टरच्या कोशांत विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचा संबंध, कायद्याच्या कोशांतही तेंच. शिवाय ही संस्था बायबलाच्या पहिल्या पर्वाइतकी जुनी. सबब अर्ज नामंजूर. हा निकाल १९७१ चा. पुढील वर्षीं संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यावरील अपील एका वाक्यांत काढून टाकलें: मध्यवर्ती कायद्याचा असा कांहीं महत्त्वाचा प्रश्नच यांत उद्भवत नाहीं. १९७३ सालीं केंटकीच्या न्यायालयासमोर दोन स्त्रिया गेल्या. तेथेंही कोशच काढण्यांत आले. कायदा या स्त्रियांच्या आड आलेला नाहीं, विवाह या शब्दाचा जो अर्थ आहे त्या अर्थानें विवाह करण्यास त्याच असमर्थ आहेत, असें त्या न्यायालयाचें म्हणणें पडलें.

ही विचारपद्धति वकिलांस कशी वाटते तें ते जाणोत. भाषेच्या शिक्षकास ती फारच चमत्कारिक वाटते. मोल्सवर्थनें आमच्या भाषेचा कोश रचला तेव्हां त्यानें शब्दांना अर्थ बहाल केले नाहींत. लोकांच्या तोंडीं जे होते ते त्यानें टिपून घेतले. कोशकार हा भाषेचा कारकून आहे. त्याची वही पाहून काल काय जमा झालें तें कळतें. उद्यां काय जमा होऊं द्यावें हें ती वही सांगूं शकत नाहीं. आणि झालेंही तसेंच. ज्या कोशाच्या आधारें मिनेसोटांत दार लावून घेतलें गेलें त्याच वेब्स्टरच्या घराण्यानें २००३ सालच्या आवृत्तींत विवाह या शब्दाखालीं समलिंगी जोडप्यांच्या तशाच संबंधाचा अर्थ नोंदविला. तो त्यांनीं कोणाची बाजू घेण्याकरितां नोंदविला नव्हता. लोक त्या अर्थानें शब्द वापरूं लागले होते, इतकेंच.

बेकर-मॅकॉनेल यांच्या गोष्टींत नांवाचा आणखी एक विनोद आहे, तो येथेंच सांगून टाकतों. खटला वर चालला असतां बेकर यांनीं कायदेशीर रीतीनें आपलें नांव बदलून 'पॅट लिन मॅकॉनेल' असें घेतलें. हें नांव पुरुषाचेंही असूं शकतें, स्त्रीचेंही. मग दुसऱ्या एका परगण्यांत अर्ज केला. तेथील कचेरीनें नांव वाचून परवाना दिला आणि १९७१ च्या सप्टेंबरांत लग्न लागलें. पुढें सरकारनें तें मानलें नाहीं. परंतु दोघेही हट्टी आणि दीर्घायुषी. २०१८ सालीं त्याच परगण्याच्या न्यायालयानें तें लग्न प्रथमपासूनच वैध होतें असा निर्णय दिला. सत्तेचाळीस वर्षें!

यानंतरचीं वर्षें आम्ही भराभर ओलांडतों. १९८९ हें साल मात्र थांबण्यासारखें आहे. त्या वर्षीं अँड्र्यू सुलिव्हन या तरुण लेखकानें 'न्यू रिपब्लिक' पत्रांत एक निबंध लिहून विवाहाची मागणी केली, आणि ती पुराणमताच्या बाजूनें केली: विवाहानें माणूस स्थिर होतो, जबाबदार होतो, मग ज्यांस स्थिर व्हावयाचें आहे त्यांस समाजानें कां अडवावें? गंमत अशी कीं, याला पहिला जोराचा विरोध पाद्र्यांकडून होण्याआधींच स्वकीयांकडून झाला. पॉला एटलब्रिक या विदुषीनें त्याच वर्षीं विचारलें कीं, विवाह हा मुक्तीचा मार्ग केव्हांपासून झाला? ज्या संस्थेनें स्त्रियांस शतकानुशतकें बांधून ठेवलें तिच्या दारांत आपण कां उभें राहावें? हा प्रश्न अजूनही जिवंत आहे, आणि पुढें २०१५ च्या निकालपत्राची चर्चा करतांना तो आम्हांस पुन्हां लागणार आहे.

त्याच १९८९ सालीं डेन्मार्कनें मधला मार्ग काढला. समलिंगी जोडप्यांस 'नोंदलेली भागीदारी' अशी एक नवी संज्ञा दिली व तिच्याबरोबर विवाहाचे बहुतेक सर्व हक्क. अमेरिकेंत वर्मांट राज्यानें न्यायालयाच्या आज्ञेवरून २००० सालीं तोच कित्ता गिरविला आणि नांव ठेविलें 'नागरी संयोग'. नेदर्लंड्सनें मात्र १ एप्रिल २००१ पासून सरळ विवाहच खुला केला. मधला मार्ग काढणारे लोक कांहीं दुष्ट नव्हते. वारसा, इस्पितळांत भेटण्याची मुभा, करांतील सवलत, मुलांवरील हक्क हें सर्व देऊन शब्द तेवढा जुन्या धर्मशील लोकांसाठीं राखून ठेवावा, म्हणजे कोणाचेंच मन दुखवणार नाहीं, असा त्यांचा हिशेब. शहाण्या माणसास सुचणाराच हा हिशेब आहे. तो चुकला कोठें, हें मॅसॅच्युसेट्सच्या प्रकरणांत दिसतें.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानें १८ नोव्हेंबर २००३ रोजीं, चारांविरुद्ध तीन अशा मतांनीं, समलिंगी जोडप्यांस विवाहाचा परवाना नाकारणें राज्याच्या घटनेविरुद्ध आहे असा निकाल दिला. तो मुख्य न्यायाधीश मार्गारेट मार्शल यांनीं लिहिला आहे. या बाई जन्मानें दक्षिण आफ्रिकेच्या. विद्यार्थिदशेंत तेथील वर्णभेदाविरुद्धच्या चळवळींत पुढारी होत्या. त्यांचें गद्य आम्हांस फार आवडलें. त्यांत आवेश नाहीं, सुभाषितें नाहींत. विवाह म्हणजे राज्याच्या दृष्टीनें काय, त्यापासून कोणकोणते हक्क उत्पन्न होतात, ते नाकारल्यानें कोणत्या घरांतील कोणत्या मुलांचें काय नुकसान होतें, हें त्या एकामागून एक सांगत जातात, व मग सरकारास विचारतात: तुमचें कारण सांगा. सरकारचें कारण प्रजोत्पादन. पण ज्यांस मूल होणें शक्य नाहीं अशा वृद्धांसही राज्य परवाना देतेंच, असें बाई शांतपणें दाखवितात. कारणें संपतात, आणि निकालही संपतो.

राज्याची विधिमंडळ-सभा यानें गोंधळून गेली. तिच्या वरिष्ठ गृहानें एक मसुदा तयार केला: या जोडप्यांस विवाहाचे झाडून सारे हक्क मिळतील, फक्त त्यांच्या संबंधास 'नागरी संयोग' म्हणावें. आणि न्यायालयास विचारलें कीं, एवढ्यानें भागेल काय? २००४ च्या फेब्रुवारींत उत्तर आलें: भागणार नाहीं. सर्व कांहीं सारखेंच द्यावयाचें आहे तर शब्द वेगळा कशाला? वेगळा शब्द अजाणतां निवडलेला नाहीं. या माणसांची पायरी खालची आहे एवढें सांगण्यापलीकडे त्या शब्दास दुसरें कामच उरत नाहीं. आमच्या मतें या साऱ्या वाङ्मयांत याहून मार्मिक भाषाविचार नाहीं. दोन शब्दांचा व्यवहारांतील अर्थ तंतोतंत एक केला, तर त्यांच्यामध्यें जें अंतर शिल्लक राहतें तें निव्वळ मानाचें असतें.

विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ति मार्था सॉसमन यांनीं मात्र या सर्व भांडणाची थट्टा केली. वस्तु तीच असतां नांवासाठीं एवढें रण कशाला, असें विचारून त्यांनीं शेक्सपिअरच्या ज्युलिएटचे गुलाबाविषयींचे प्रसिद्ध उद्गार साक्षीस काढले. न्यायमूर्तींस वाङ्मयाची आवड असावी ही आनंदाची गोष्ट. पण नाटकाच्या दुसऱ्या अंकांतील वाक्य साक्षीस काढणारानें पांचवा अंकही वाचलेला असावा, एवढी अपेक्षा आम्ही शिक्षक लोक परीक्षेच्या उमेदवारांकडूनही करतों. ज्युलिएट चौदा वर्षांचीही नाहीं. ती गॅलरींत उभी राहून म्हणते कीं नांव हें कांहींच नव्हे. शेक्सपिअर तसें म्हणत नाहीं. तो पुढचे तीन अंक खर्चून दाखवितो कीं, माँटेग्यू आणि कॅप्युलेट या दोन नांवांपायीं एका गांवांत किती प्रेतें पडूं शकतात. नांवांत कांहीं नाहीं असें त्या नाटकांत जिला वाटतें ती मुलगी त्याच नांवापायीं मरते. सॉसमनबाईंची साक्षीदार, उलटतपासणींत, दुसऱ्या पक्षास जाऊन मिळते.

आणि मराठी वाचकास तर यासाठीं व्हेरोनापर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. आमच्याकडे पुष्कळ जातींत विधवेस दुसरा घरोबा करण्याची मोकळीक पूर्वींपासून होती. पांढरपेशांनीं १८५६ च्या कायद्यानंतरही ज्यासाठीं पन्नास वर्षें रडारड केली, तें कुणब्याच्या घरीं निमूटपणें होत असे. नवरा खरा, बायको खरी, संतति औरस. पण त्यास 'लग्न' म्हणत नसत, 'पाट' म्हणत. लग्न दिवसाढवळ्या, वाजंत्री लावून. पाट बहुधा रात्रीं, थोडक्या माणसांत. पुढें एकाच घरांत लग्नाची आणि पाटाची अशा दोघी नांदूं लागल्या म्हणजे या दोन शब्दांत किती अंतर आहे हें त्या दुसरीस कोणी समजावून सांगावें लागत नसे. व्यवहार सारा दिला, शब्द तेवढा राखून ठेविला. वर्मांटच्या मुत्सद्द्यांनीं जी युक्ति २००० सालीं शोधून काढली ती आमच्या गांवगाड्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, आणि ती कशासाठीं आहे हेंही.

मॅसॅच्युसेट्समध्यें १७ मे २००४ पासून लग्नें लागूं लागलीं. देशांत इतरत्र मात्र उलट लाट आली. त्या एका वर्षांत तेरा राज्यांच्या मतदारांनीं आपापल्या घटनेंत बंदी घातली. सर्वांत विचित्र प्रकार कॅलिफोर्नियाचा. तेथें 'घरगुती भागीदारी' या नांवाखालीं जवळजवळ सर्व हक्क आधींच दिलेले होते. २००८ च्या मे महिन्यांत राज्याच्या न्यायालयानें विवाहही दिला, आणि नोव्हेंबरांत शेंकडा ५२ मतांनीं लोकांनीं तो परत घेतला. पण काय परत घेतलें? भागीदारीचे हक्क जसेच्या तसे राहिले. एवढा पैसा, एवढा प्रचार, एवढें मतदान होऊन त्या राज्यांतील कायद्यांतून जी वस्तु वजा झाली ती म्हणजे एक शब्द. न्यायमूर्ति रेनहार्ट यांनीं २०१२ च्या आपल्या निकालपत्रांत हीच गोष्ट मोठ्या मिष्किलपणें मांडली आहे. गुडघा टेकून 'माझ्याशीं लग्न करशील काय?' असें विचारण्याऐवजीं कोणी 'माझ्याशीं नोंदलेली घरगुती भागीदारी करशील काय?' असें विचारलें, तर ऐकणाराचें अंतःकरण तसेंच हलेल काय, असें ते विचारतात. आणि मेरिलिन मन्रोच्या एका चित्रपटाच्या नांवांत हाच बदल करून दाखवितात. वरिष्ठ न्यायालयानें पुढें तांत्रिक कारणावरून हें निकालपत्र रद्द केलें, तरी खालच्या न्यायालयाचा हुकूम उरला आणि २०१३ सालीं तेथें लग्नें पुन्हां सुरू झालीं. ज्यांनीं शब्द राखण्यासाठीं एवढा अट्टाहास केला त्यांचेंच वर्तन सांगत होतें कीं शब्द ही क्षुल्लक गोष्ट नाहीं.

आतां २०१५ चें निकालपत्र. त्याचा उगम पुन्हां एका शब्दांतच आहे. ओहायो राज्यांतील जिम ओबर्गेफेल व जॉन आर्थर हे वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहात होते. आर्थर यांस स्नायु निकामी करणारा असाध्य रोग जडला. अंथरुणावरून हलणें अशक्य झालें असतां २०१३ च्या जुलैमध्यें त्यांस रुग्णवाहक विमानांतून मेरीलंड राज्यांत नेलें. विमान धांवपट्टीवर उभें असतांच आंत लग्न लागलें, आणि विमान परत आलें. आर्थर त्याच आक्टोबरांत वारले. मृत्यूच्या दाखल्यांत 'हयात जोडीदार' या रकान्यांत ओबर्गेफेल यांचें नांव असूं द्यावें कीं नाहीं, एवढाच मूळ तंटा. ओहायोचें सरकार 'नाहीं' म्हणत होतें. एका रकान्यासाठीं चाललेला हा खटला इतर राज्यांच्या खटल्यांसह सर्वोच्च न्यायालयांत गेला आणि २६ जून २०१५ रोजीं पांचांविरुद्ध चार मतांनीं सर्व देशांत विवाह खुला झाला.

बहुमताचें निकालपत्र न्यायमूर्ति केनेडी यांचें. तें फार लोकप्रिय झालें; त्याचा शेवटचा परिच्छेद पुष्कळ लग्नसमारंभांतही वाचला जातो. निर्णयाशीं आमचा वाद नाहीं, गद्याशीं आहे. केनेडी यांस सुंदर लिहावयाचें आहे, आणि तें दिसतें. कन्फ्यूशियस येतो, सिसेरो येतो. विवाहाची थोरवी वाढत वाढत अशी उंच जाते कीं, विवाहाबाहेर राहिलेला मनुष्य एकाकीपणाची शिक्षा भोगणारा ठरतो. अविवाहित वाचकास हें वाचून काय वाटावें? एटलब्रिक यांचा १९८९ चा प्रश्न येथें खाड्‌कन समोर येतो. शब्दाचा मान सर्वांस सारखा मिळावा असें म्हणणें निराळें, आणि त्या शब्दावांचून माणूस अपुरा असें म्हणणें निराळें. मार्शलबाईंनीं पहिलें म्हटलें; केनेडी पहिलें म्हणतां म्हणतां दुसऱ्याकडे घसरले. न्यायमूर्ति स्कालिया यांनीं आपल्या विरोधी मतांत या शैलीस चिनी खाणावळींतील बिस्किटांतून निघणाऱ्या भविष्याच्या चिठ्ठ्यांची उपमा दिली. उपमा कुत्सित आहे आणि त्यांच्या बाकीच्या मताशीं आम्ही सहमत नाहीं. पण टीकाकार म्हणून त्यांचा कान तिखट होता हें नाकारतां येत नाहीं.

मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांचें विरोधी मत अधिक गंभीर आहे. लोक स्वतः वळत होते; न्यायालयानें मध्येंच वाद तोडून त्यांच्यापासून तें समाधान हिरावून घेतलें, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप आमच्या लोकांस परका नाहीं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यांत लोकमत आधीं कीं कायदा आधीं हाच वाद पेटला होता. अमेरिकेपुरतें बोलावयाचें तर आंकडे पाहावे. गॅलप संस्थेच्या पाहणींत समलिंगी विवाहास अनुकूल लोक १९९६ सालीं शेंकडा २७ होते. २०११ सालीं प्रथमच निम्म्याहून अधिक म्हणजे ५३ झाले. निकालाच्या वर्षीं ६०. याउलट गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरील बंदी त्याच न्यायालयानें १९६७ सालीं उठविली, तेव्हां लोकमत कोठें होतें? पुढील वर्षींच्या पाहणींत अनुकूल लोक अवघे २० होते. म्हणजे २०१५ सालीं न्यायालय लोकांच्या पुढें धांवलें नव्हतें, मागून आलें होतें; जेथें तें खरोखर पुढें धांवलें त्या निकालास आज कोणी नांवें ठेवीत नाहीं. निकालानंतरही अनुकूल मत वाढत जाऊन २०२२ व २०२३ मध्यें ७१ झालें. अलीकडे मात्र तें किंचित् उतरलें आहे, आणि रिपब्लिकन पक्षाच्या लोकांत तर बरेंच: २०२१ सालीं ५५, २०२५ सालीं ४१. २०२२ च्या डिसेंबरांत अमेरिकन काँग्रेसनें या विवाहांस संरक्षण देणारा कायदा केला, तो उगाच नव्हे.

हें मत वळलें कशानें? निकालपत्रांनीं नव्हे, हें आम्ही मोकळेपणीं सांगतों. तीं वाचतो कोण? ज्या घरांत मुलगा अथवा बहीण आपली खरी गोष्ट बोलूं लागली त्या घरांत तें वळलें. मॅसॅच्युसेट्समध्यें लग्नें लागूं लागलीं, आणि शेजाऱ्यांच्या संसारास कांहीं झालें नाहीं, हेंही लोकांनीं पाहिलें. पण घरांतल्या माणसास घरांतल्या माणसाविषयीं बोलावयाचें तर शब्द लागतो. 'माझ्या मुलाचा नागरी संयोग ठरला' असें कोणतीही आई शेजारणीस सांगणार नाहीं. 'मुलाचें लग्न ठरलें' हें ती सांगूं शकते, आणि मग शेजारणीस 'केव्हां?' एवढेंच विचारावें लागतें.

हिंदुस्थानांत वाद याच्या बराच अलीकडे अडला आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचें चौथें कलम 'कोणत्याही दोन व्यक्तींचा' विवाह अशा शब्दांनीं सुरू होतें. पण पुढें वयाची अट घालतांना पुरुषास एकवीस व स्त्रीस अठरा असें म्हणतें. अर्जदारांनीं पहिल्या शब्दांवर बोट ठेविलें, सरकारनें दुसऱ्यांवर. सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं १७ आक्टोबर २०२३ रोजीं एकमतानें ठरविलें कीं विवाहाचा मूलभूत हक्क घटनेंत नाहीं, व कायद्याचे शब्द बदलणें न्यायालयाचें काम नव्हे. नांव गेलें. मग वस्तु तरी? मुख्य न्यायाधीश चंद्रचूड व न्यायमूर्ति कौल हे 'नागरी संयोगा'स मान्यता मिळावी या मताचे होते. बाकीच्या तिघांनीं तीही नाकारली. ज्या देकाराची चर्चा आम्हीं येथवर केली तो देकारही आमच्याकडे अद्याप कोणी केलेला नाहीं. मिळालें तें सरकारी पत्रकांतून: २०२४ सालीं अशा जोडप्यांस बँकेंत संयुक्त खातें उघडण्यास व एकमेकांस वारसदार म्हणून नेमण्यास आडकाठी नाहीं असा खुलासा झाला, आणि शिधापत्रिकेसाठीं त्यांस एका कुटुंबांतील समजावें असें राज्यांस कळविण्यांत आलें. निकालाच्या फेरविचारासाठीं केलेले अर्ज ९ जानेवारी २०२५ रोजीं न्यायमूर्तींच्या दालनांत, उघड सुनावणी न होतां, फेटाळले गेले.